पाच अक्षरी, सुस्वरूप, अर्थाची अट नाही

"पाहिजे : पाच अक्षरी शब्द. दुसऱ्या जागी ए, शेवटी टी. घरात एस नको. ई असल्यास चालेल, पण मध्यभागी नको. अर्थाची अट नाही."

अशी जाहिरात कुठल्या पेपरात छापून येत नाही. पण असंख्य लोक रोज सकाळी चहाचा कप हातात धरून मनातल्या मनात ती देत असतात. वधू-वर सूचक मंडळात उंची, रास, गण, नाडी, पगार आणि फ्लॅट कुणाच्या नावावर आहे इथपर्यंत सगळं विचारून होतं, आणि स्वभावाचा विषय निघाला की "ते काय, पुढे कळेलच" म्हणून पोह्यांची बशी पुढे केली जाते. इथेही तोच प्रकार. वरच्या अटींत व्हॅलेट बसतो, कॅडेट बसतो आणि कॅरेटही बसतो. हा कॅरेट सोन्याचा नव्हे. मुद्रितशोधक राहून गेलेलं अक्षर दाखवायला ओळीत जे हंसपद काढतात, ते हे. अर्थात ही माहिती मी आपली सहज दिली. जाहिरात देणाऱ्याला ती नको असते. त्याला पाच चौकोन भरायचे असतात आणि आठ पाचची लोकल पकडायची असते.

इंग्रजी शब्दांकडे असं मापाच्या पट्टीनं पाहायची सवय लावणारा मूळ पुरुष म्हणजे आल्फ्रेड बट्स. न्यूयॉर्क राज्यातल्या पोकिप्सी गावचा. धंद्यानं आर्किटेक्ट. १९३१ मध्ये मंदीत नोकरी गेली. नोकरी गेलेला माणूस आपल्याकडे काय करतो? सकाळी उठून पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचतो. बट्सनं पेपर वाचला नाही, मोजला. न्यूयॉर्क टाइम्सचं पहिलं पान पुढ्यात घेऊन त्यात ए किती, बी किती, सी किती, असं तो मोजत बसला. बायकोला काय वाटलं असेल याची नोंद इतिहासात मला सापडली नाही, पण कल्पना करता येते. त्या मोजदादीतून शंभर सोंगट्यांचा खेळ तयार झाला. ई सगळ्यात जास्त, म्हणून बारा ई आणि प्रत्येकाला एकच गुण. क्यू आणि झेड क्वचित दिसणारे, म्हणून एकेकच, आणि गुण दहा-दहा. एस मात्र त्यानं हात आखडून चारच ठेवले. नाहीतर लोक दुसऱ्यानं लावलेल्या शब्दाच्या शेपटाला एस चिकटवून अनेकवचनाच्या नावाखाली आयते गुण लाटत बसतील, हे त्यानं आधीच ओळखलं होतं. माणसांची पारख असलेला गृहस्थ.

(हीच मोजणी एखाद्या मराठी दैनिकाच्या पहिल्या पानावर केली असती तर काना पहिला आला असता, अनुस्वारानं बरी टक्कर दिली असती, आणि निवडणुकीच्या मोसमात नुसत्या 'मा.'साठी वेगळी पिशवी शिवावी लागली असती.)

बट्सनं खेळाला आधी लेक्सिको म्हटलं, मग क्रिस-क्रॉस वर्ड्स म्हटलं. दोन्ही नावांनी कुणी विचारलं नाही. १९४८ मध्ये जेम्स ब्रुनो नावाच्या माणसानं तो हातात घेऊन त्याला स्क्रॅबल म्हटलं आणि मग हळूहळू खेळाचं नशीब उघडलं.

आता मुख्य अडचणीकडे वळू. ती म्हणजे क्यू.

इंग्रजीत क्यू एकटा बाहेर पडत नाही. सोबत यू लागतो. क्वीन असो, क्विझ असो की क्वारंटाइन, ही जोडी कायमची. स्क्रॅबलमध्ये मात्र पिशवीतून हातात क्यू येतो, आणि चारपैकी चारही यू समोरच्या माणसाकडे असतात. तो ते सोडत नाही आणि तोंडावर मात्र अत्यंत निष्पाप भाव. मग शोध सुरू होतो : क्यू असलेला, यू नसलेला शब्द. शक्यतो पाच अक्षरी.

आणि इथे, वाचकहो, साहेबाची सगळी भाषा हात वर करते. शेक्सपिअर उपयोगी पडत नाही, मिल्टन तर नाहीच. अशा वेळी साहेबाच्या मदतीला कोण धावून येतं? फकीर! एफ-ए-क्यू-आय-आर. त्याच्या मागोमाग तलाक येतो, टी-ए-एल-ए-क्यू. मग बुरखा, बी-यू-आर-क्यू-ए. त्यात यू आहे खरा, पण क्यूच्या मागे उभा नाही. मग निकाब, मग किब्ला. भुकेल्या वेळी कोर्मासुद्धा क्यूनं सुरू करता येतो. दीडशे वर्षं ज्यांनी आपल्यावर राज्य केलं त्यांची नड भागवायला शेवटी आपल्या गल्लीतला फकीर कटोरा घेऊन उभा राहतो, आणि कटोऱ्यात दहा गुण पडतात.

त्यातही कव्वालीचं स्पेलिंग बघा. क्यू-ए-डब्ल्यू-डब्ल्यू-ए-एल-आय. बरोबर सात अक्षरं. स्क्रॅबलमध्ये पाटावर एका वेळी सातच सोंगट्या असतात, आणि सातही एका दमात खपवल्या तर वर पन्नास गुणांचं बक्षीस. सबंध पिशवीत डब्ल्यू दोनच. कव्वाली दोन्ही उचलते. पहिल्याच खेळीत ही कव्वाली लावली तर कमीत कमी ९४ गुण. खुद्द कव्वालाला इतकी बिदागी मिळाली असेल की नाही, शंका आहे.

फकिराला तर इंग्रजीनं इतकं जवळ केलंय की के घालून लिहा, के घालून दोन ई लिहा, क्यू घालून लिहा, नाहीतर क्यू आणि यू दोन्ही घालून लिहा. चारही फकीर ग्राह्य. वरणाचीही तीच कथा. डाळ एच नसलेली चालते, एच आधी घातलेली चालते, एच नंतर घातलेलीही चालते. शाळेत स्पेलिंगमधला एक एच इकडचा तिकडे झाला म्हणून ज्यांनी तळहातावर पट्टी खाल्ली, त्यांनी या बातमीनं कुणाला जाब विचारावा कळत नाही. तूप दोन प्रकारे वाढता येतं : चार अक्षरांचं किंवा, सोंगट्या कमी असतील तर, तीन अक्षरांचं. पुरीच्या यूऐवजी दोन ओ घातले की ती टम्म फुगते. शिवाय रोटी, रायता, आलू आणि इडली. पानात डावी-उजवी सगळी बाजू भरली. या शब्दांचा अर्थ आपल्याला पोटातून ठाऊक आहे आणि तिकडच्या विजेत्याला तो ठाऊक असायची गरज नाही, एवढाच काय तो फरक.

याहून गमतीचे म्हणजे दोन अक्षरी शब्द. कॉलिन्सच्या स्क्रॅबल-यादीत एकूण दोन लाख ऐंशी हजारांच्या आसपास शब्द असतात. त्यांतले दोन अक्षरी फक्त सव्वाशेच्या घरात, पण सगळा खेळ त्यांच्यावर चालतो. मुरलेले खेळाडू बाकी काही विसरतील, हे विसरत नाहीत. ए-ए म्हणजे हवाई बेटांवरचा खरखरीत लाव्हा. ओ-ई म्हणजे फॅरो बेटांकडचं वावटळ. के-वाय म्हणजे स्कॉटलंडातल्या गाई. ओ-ओ म्हणजे तिथल्याच मेंढ्यांची लोकर. आपल्याकडे हाच उच्चार केला तर लोक डोकं खाजवायला लागतील. आणि ए-आय! ज्या एआयच्या धास्तीनं सध्या अर्ध्या हिंजवडीची झोप उडाली आहे, तो स्क्रॅबलमध्ये म्हणजे झाडाला उलटा लटकून दिवसभर झोपा काढणारा तीन बोटांचा स्लॉथ. नोकऱ्या घालवणं दूरच, त्याला स्वतःला हलायला संध्याकाळ होते.

शिवाय या खेळानं हुंकारांना जी प्रतिष्ठा दिली तिला तोड नाही. एच-एम चालतं. एम-एम चालतं. एस-एच चालतं. थंडी वाजली तर बी आणि दोन आर चालतात. नाराजीनं जीभ टाळ्याला लावून जो आवाज काढतात तो टी-एस-के असा लिहून चालतो, आणि स्वर एकही न लागणारा पाच अक्षरी शब्द हवा असेल तर पी-एच-पी-एच-टी असा एक तिरस्काराचा फुत्कारही चालतो. नुसत्या फुत्काराला रीतसर गुण! आमच्या घरी जेवणानंतरचं अर्धं संभाषण याच शब्दसंग्रहात होतं. "लाइट बिल भरलं का?" "एच-एम." "आईला फोन केलास?" "एम-एम." असं बोलणाऱ्या नवऱ्याला आजवर सगळ्यांनी घुम्या ठरवलं. तो खरं तर स्पर्धेची तयारी करत होता.

यानंतर वर्डल आलं आणि हे वेड पाटावरून उतरून थेट खिशात शिरलं. जॉश वॉर्डल हा वेल्समध्ये वाढलेला, ब्रुकलिनमध्ये राहणारा सॉफ्टवेअर इंजिनिअर. आपल्या जोडीदारीण पलक शाह यांना शब्दांचे खेळ आवडतात म्हणून त्यानं हा खेळ केला. आपल्याकडे माणसं फार तर गजरा आणतात. पाच अक्षरी इंग्रजी शब्द निघाले बारा हजारांच्या आसपास, आणि त्यांत असले असले शब्द की ज्यांना इंग्रजही ओळख देणार नाहीत. तेव्हा ते सगळे पलक शाह यांच्यापुढे ठेवले गेले : हा माहीत आहे, हा नाही, हा कदाचित. त्यातून उरले अडीच हजारांच्या आसपास. म्हणजे सगळं जग रोज सकाळी कुठल्या शब्दापाशी डोकं फोडणार, हे एका बाईंनी आपल्या सोफ्यावर बसून ठरवलं. घरोघरी असंच असतं; इथे निदान श्रेय तरी दिलं गेलं. २०२१ च्या ऑक्टोबरात खेळ लोकांसाठी खुला झाला आणि २०२२ च्या जानेवारी अखेरीस तो विकत घेतला... कुणी? न्यूयॉर्क टाइम्सनं. बट्सनं ज्यांच्या पहिल्या पानावरची अक्षरं फुकटात मोजून नेली होती, त्यांनी नव्वद वर्षांनी दहा लाख डॉलरांच्या वर मोजून अक्षरं परत घरी आणली.

वर्डलमध्ये लपवलेला पाच अक्षरी शब्द ओळखायला सहा प्रयत्न मिळतात. बरेच लोक पहिला प्रयत्न ए-डी-आय-ई-यू या शब्दानं करतात, कारण त्यात पाचपैकी चार स्वर आहेत. आता, अ‍ॅड्यू म्हणजे कायमचा निरोप. दिवसाची सुरुवात अंतिम निरोपानं केली म्हणून घरातली वडीलधारी मंडळी पूर्वी अंगावर आली असती. हल्ली त्यांचाही पहिला शब्द तोच असतो.

खरा सापळा मात्र शेवटी आय-जी-एच-टी असलेल्यांचा. समजा दुसऱ्याच फटक्यात तुमचे शेवटचे चार चौकोन बरोबर ठरून हिरवेगार झाले. घरात जल्लोष. आता एकच अक्षर राहिलं! पण ते फाइटचं, लाइटचं, माइटचं, नाइटचं, राइटचं, साइटचं, टाइटचं की एटचं? उमेदवार आठ आणि प्रयत्न चार. सरळमार्गी माणूस एकेक करत फाइट, लाइट, माइट, नाइट लावतो आणि सातव्या मिनिटाला मोबाइल उशीखाली सरकवून आंघोळीला निघून जातो. बेरकी माणूस मधेच एफ-आय-एल-एम-एस असा शब्द टाकतो. फिल्म्स हे उत्तर नाही हे त्याला पक्कं ठाऊक असतं. पण एका तिकिटात एफ, एल, एम आणि एस अशा चौघांची चौकशी होऊन जाते. सोयरिकीच्या कामात अशी माणसं असतात. एका घरी चहा पितात आणि चार घरांची माहिती काढून आणतात.

स्पेलिंगचा मुद्दा आहेच. ९ फेब्रुवारी २०२२ चा शब्द होता ह्यूमर. अमेरिकेत तो पाच अक्षरी, इंग्लंडात सहा. शेवटच्या आरच्या आधी त्यांना एक यू लागतो. त्याआधी जानेवारीत फेवर येऊन गेलाच होता, तोही यूवाचून. झालं, ब्रिटिश जनता खवळली. विनोद या शब्दानं एका राष्ट्राच्या विनोदबुद्धीचा दिवसभरापुरता घास घेतला. आणि आपण? आपण तर्खडकरांच्या पाठमालेपासून राणीच्या स्पेलिंगवर वाढलेली माणसं. कलरमध्ये यू, लेबरमध्ये यू, नेबरमध्ये यू. तो यू गाळला म्हणून आमच्या पिढीचे मार्क कापले गेले, आणि आता तो घातला की चौकोन पुरत नाहीत! क्यूच्या मागे यू नको म्हणून रडायचं आणि आरच्या पुढे यू हवा म्हणून भांडायचं; एका अक्षराच्या नादात माणसानं किती बाजूंनी हैराण व्हावं?

या सगळ्या अर्थहीन कारभाराचा सम्राट म्हणजे न्यूझीलंडचे नायजेल रिचर्ड्स. इंग्रजी स्क्रॅबलचं जगज्जेतेपद त्यांनी पुन्हा पुन्हा जिंकलं, ते एक वेळ सोडा. २०१५ मध्ये ते बेल्जियममध्ये गेले आणि फ्रेंच स्क्रॅबलचे जगज्जेते झाले. त्यांना फ्रेंच येत नाही. नऊएक आठवडे त्यांनी फ्रेंच शब्दांची यादी पाठ केली, आणि जन्मापासून फ्रेंच बोलणाऱ्यांना हरवून आले. अभिनंदन करायला जमलेल्या लोकांशी बोलायला मात्र दुभाषी लागला. २०२४ मध्ये स्पेनमधल्या ग्रानादाला जाऊन त्यांनी स्पॅनिशमध्येही हेच केलं.

युरोपातली वर्तमानपत्रं या प्रकारानं चक्रावून गेली. मला त्यांचं नवल वाटलं. अर्थाच्या वाटेला न जाता पाठ करायचं, यात चक्रावण्यासारखं काय आहे? आमच्याकडे त्याला दहावीचा अभ्यास म्हणतात. 'प्रकाशसंश्लेषण' म्हणजे काय हे न कळता त्याची व्याख्या विरामचिन्हांसकट लिहून बोर्डात आलेली मुलं आज मोठमोठ्या हुद्द्यांवर आहेत. आणि शब्दांची उलटसुलट मांडणी पाहायची असेल तर घनपाठी वैदिकापुढे बसावं. पहिला-दुसरा, दुसरा-पहिला, पहिला-दुसरा-तिसरा, तिसरा-दुसरा-पहिला, पुन्हा पहिला-दुसरा-तिसरा, अशी ऋचा गुंफत तो चालतो आणि एक स्वर हलत नाही. अशा माणसाच्या हाती सात सोंगट्या दिल्या तर रिचर्ड्सना घाम फुटेल. फक्त फकीर, कोर्मा वगैरे लावायला घनपाठी तयार होतील का, हा प्रश्न वेगळा.

मग मराठीत हा खेळ का नाही, असं कुणी तरी विचारतंच. खटपटी होत असतात, पण पहिल्याच पायरीला ठेच लागते : पाच अक्षरी म्हणजे काय? इंग्रजीची अक्षरं एका ओळीत सुटी सुटी उभी असतात. आपली एकमेकांच्या अंगाखांद्यावर. 'स्त्री' हा शब्द पेपरातल्या शब्दकोड्यात एका चौकोनात मावतो. कॉम्प्युटर त्याचेच सहा तुकडे मोजतो : स, हलन्त, त, हलन्त, र आणि दीर्घ वेलांटी. बाईला एका चौकोनात बसवायचं की सहांत, यावर मराठी माणसांची समिती नेमली तर पहिला अहवाल यायला दहा वर्षं आणि भिन्नमतपत्रिका यायला आणखी पाच. शिवाय सोंगट्या कशाच्या करायच्या? नुसत्या व्यंजनांच्या केल्या तर काने, वेलांट्या, रफार वेगळ्या पुडीत द्यावे लागतील आणि ते सोफ्याखाली जातील. सबंध बाराखडीच्या केल्या तर पिशवी उचलायला हमाल हवा.

तरीही परवा सुट्टीत घरी जमलेल्या भाचरांना मी एक अट घातली. दोन अक्षरी शब्द, पहिल्या अक्षराला काना, शेवटी ळ. मोबाइल लांब ठेवायचे. पोरं म्हणाली, ह्यॅ, दोन अक्षरी काय, सोपंय. आणि सुटलीच. काळ, गाळ, चाळ, जाळ, टाळ, डाळ, नाळ, फाळ, बाळ, भाळ, माळ, लाळ. आय-जी-एच-टीवाल्यांनी शरमेनं मान खाली घालावी अशी रांग. धाकट्यानं 'पाळ' म्हटलं. मोठीनं ते क्रियापद आहे म्हणून हरकत घेतली. त्यावर त्यानं "मग 'कुत्रा पाळ' हे वाक्य नाही का?" असा युक्तिवाद करून आपल्या आईकडे सूचक पाहिलं. आईनं विषय बदलला.

एवढ्यात आतून ओट्यापाशी उभी असलेली आत्या म्हणाली, "ढाळ."

पोरांना अर्थ माहीत नव्हता. आत्यानं तो समजावून सांगितला, नको तितका समजावून सांगितला. जेवणाच्या टेबलावर हा शब्द धरावा की नाही यावर मतदान झालं आणि तो तीन विरुद्ध दोन असा मंजूर झाला. आत्या म्हणाली, "झाळ."

"हे नाही हां आत्या! असा शब्दच नाहीये."

"नाही कसा? भांड्याला छिद्र पडलं की झाळ लावून आणायचो आम्ही. बोहारणीला द्यायचो नाही लगेच तुमच्यासारखे."

मोठी भाची स्क्रॅबलच्या क्लबात जाते. तिनं रीतसर जाहीर केलं, "मी चॅलेंज करते." स्पर्धेत एखाद्या शब्दाला असं आव्हान देता येतं. शब्द यादीत नसला तर लावणाऱ्याची खेळी रद्द होते. असला तर आव्हान देणाऱ्याला दंड. कुठे पाच गुण जातात, कुठे सबंध पाळीच जाते. हे सगळं तिनं आत्याला नीट समजावून सांगितलं. यादी म्हणून काय धरायचं हेही ठरलं. मोल्सवर्थ आणि दाते-कर्वे यांच्या कोशांत जे सापडेल ते मान्य.

आत्यानं पदराला हात पुसले. "शोधा की. दाते-कर्व्यांचे सगळे खंड माळ्यावर आहेत. शिडी तेवढी सांभाळून. आणि हे बघ, तुझी ती पाळी जाते की नाही ते मला नाही माहीत, पण तोपर्यंत मी गॅस बंद करते. चहा ज्यांनी चॅलेंज केलं नाही त्यांनाच."

आव्हान तिथल्या तिथे मागे घेण्यात आलं. त्यानंतर आत्यानं 'खाळ', 'याळ' आणि 'घाळ' असे आणखी तीन शब्द लावले. तिन्ही बिनविरोध मंजूर झाले.